सातव्या वर्गातली राष्ट्रपती

आमच्या शाळेत पंतप्रधान होता, आहारमंत्री होता, स्वच्छतामंत्री होती, आणि एका वर्षी राष्ट्रपतीही होती. बालसंसदेच्या कुठल्याही परिपत्रकात राष्ट्रपतीचं पद नाही. ते मी काढलं, एका दुपारी फळ्यासमोर उभा असताना, हातातला खडू खाली ठेवायच्या आत. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर भलताच खूश होतो. आज ते आठवलं की तोंडात घास फिरतो.

मोहाडी तालुक्यातलं ते गाव तुमसरच्या रस्त्यापासून थोडं आत आहे. जिल्हा परिषदेची सातव्या वर्गापर्यंतची शाळा, समोर तलाव, मागे धानाच्या बांध्या. आम्ही तिघं शिक्षक. त्यांत मी जुना, म्हणून मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्या गळ्यात. घर तुमसरला, मुलगी तिथेच दहावीला, आणि मी रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन. बदली होऊ नये एवढी एकच माझी राजकीय इच्छा होती. तेवढ्या एका इच्छेपायी माणूस किती वाकू शकतो, ते मी स्वतःच्या पाठीवरून सांगू शकतो.

बालसंसदेची निवडणूक आम्ही थाटात घ्यायचो. खडूच्या रिकाम्या डब्याची मतपेटी, वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, बोटाला मार्करची शाई. त्या वर्षी पंतप्रधानपदाला दोन उमेदवार होते. एक शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा, गोरागोमटा, शांत, त्याला स्वतःला पंतप्रधान व्हायची फारशी हौस नव्हती. दुसरी बौद्ध मोहल्ल्यातली एक मुलगी. काटक, वेण्या घट्ट बांधलेल्या, आणि काहीही सांगितलं की "काहून?" विचारायची खोड. पृथ्वी फिरते तर तलावातलं पाणी सांडत नाही काहून? धानाला पाणी लागते तर गव्हाला तेवढं काहून नाही? मी वैतागायचो आणि घरी जाऊन पुस्तक उघडायचो. तिचा बाप तुमसरच्या राइस मिलमध्ये हमाली करायचा. आई आमच्याच शाळेत पोषण आहार शिजवायची.

मतमोजणीला अध्यक्ष स्वतः आले होते. गावातले मोठे शेतकरी, पंचायत समितीत त्यांच्या शब्दाला वजन. वागायला मात्र एकदम सज्जन, आवाज कधी चढायचा नाही. मी फळ्यावर दोन नावं लिहिली आणि चिठ्ठी उघडली की रेघ मारत गेलो. मुलीच्या नावापुढच्या रेघा वाढत गेल्या, खाली दुसऱ्या ओळीत आल्या. मुलाच्या नावापुढची ओळ अर्ध्यावरच थांबली. अध्यक्ष मोबाइलमध्ये बघत होते. शेवटची चिठ्ठी झाल्यावर त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि म्हणाले, "चला, निपटलं. पोरं समजदार आहेत जी गुरुजी." एवढंच. ते उठायला लागले.

त्यांनी मला तेव्हा किंवा नंतरही कधी धमकी दिली नाही, हे मी इथे नीट लिहून ठेवतो. त्यांच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं तर मी ते कधीच केलं असतं. पण ते फक्त उठले होते. घाबरायचं काम मी आपणहून केलं.

"बसा ना भाऊ, अजून घोषणा व्हायची आहे," मी म्हणालो. मग वर्गाकडे वळून मी सांगितलं की यंदा आपल्या संसदेत एक नवीन पद आहे. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो राष्ट्रपती. देशाचं सर्वोच्च पद. आणि दोन नंबरची मतं ज्याला, तो पंतप्रधान.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना पोरांना कारण लागत नाही. मुलगी उभी राहिली.

"सर, पंतप्रधानापेक्षा मोठी?"

"मोठी. पंतप्रधानाले शपथ राष्ट्रपतीच देतात."

तिने एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या दिवशी ती 'काहून' म्हणाली नाही. तिचा चेहरा असा खुलला की मलाच वाटलं, मी काही तरी चांगलं करून बसलो.

तिने ते पद गंभीरपणे घेतलं, आणि माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली. ऑफिसात भिंतीवर राष्ट्रपतींचा फोटो होता. मधल्या सुट्टीत ती त्याच्यासमोर येऊन उभी राहायची. हे कुठल्या गावचे, यांचे बाबा काय करत होते, हे आधी कोणत्या नोकरीत होते, राष्ट्रपती व्हायला काय काय शिकले? प्रत्येक प्रश्नाला मी "वाचून सांगतो" म्हणायचो. शेवटी तिनेच कुठून कुठून कात्रणं जमवून एका वहीत राष्ट्रपतींचं जीवनचरित्र लिहायला घेतलं. जन्म, शाळा, नोकरी, राजकारण, शपथविधी, परदेश दौरे. भवनात खोल्या किती, हेही तिने लिहिलं होतं, आणि त्याच्या खाली पेन्सिलने, "एवढ्या खोल्या झाडते कोण?"

एकदा तिने विचारलं, "सर, राष्ट्रपती झाल्यावर आपल्या गावी येता येते का?"

"येते ना. पण मग सगळा जिल्हा कामाले लागते."

"आन आईच्या हातचं जेवता येते?"

"ते तपासून देतात आधी," मी म्हणालो, आणि ती तोंडावर हात ठेवून हसली. तिच्या आईच्या हातचं रोज आधी तपासून मीच जेवत होतो, म्हणून.

परिपाठाला ती ओळीत उभी न राहता झेंड्याच्या खांबापाशी उभी राहायची. आईने जुन्या ओढण्यांची तिरंगी पट्टी शिवून दिली होती, ती आडवी खांद्यावर. केंद्रप्रमुख आले, विस्तार अधिकारी आले, की पुष्पगुच्छ ती द्यायची आणि मी ओळख करून द्यायचो, "ह्या आमच्या राष्ट्रपती." साहेब लोक हसायचे, फोटो काढायचे. तपासणीच्या अहवालात एकाने 'स्तुत्य उपक्रम' असं लिहिलं. मी ते पान दोनदा वाचलं.

जेवणाच्या रांगेत मात्र ती सर्वांत शेवटी उभी राहायला लागली. राष्ट्रपतीने आधी प्रजेला जेवू द्यावं, असा नियम तिने आपल्या मनाने केला होता. आई पातेल्याच्या तळाशी गेलेला भात खरवडत म्हणायची, "या राष्ट्रपती साहेब, ताट आणा." पोरं खिदळायची. ती मात्र मान ताठ ठेवून ताट पुढे करायची. ती बाई एरवी फार बोलायची नाही. पण त्या वर्षी मोहल्ल्यातून येताना तिची चालच बदलली होती. आपल्या घरात एक सर्वोच्च पद आहे, हे तिला कोणाला सांगावं लागत नव्हतं.

"सर, माहं काम काय?" हा प्रश्न मुलीने पंधरा दिवसांतच विचारला. पंतप्रधान बैठक घेतो, आहारमंत्री ताटं बघतो, मी काय करू?

मी सांगितलं, "सही. संसदेचा ठराव झाला की राष्ट्रपतीची सही लागते. त्याशिवाय तो लागू होत नाही."

ती घरून सही गिरवून आली. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण, खाली रेघ, रेघेखाली 'राष्ट्रपती'. बालसंसदेचा ठराव म्हणजे काय असायचं? झाडांना आळीपाळीने पाणी घालावे. बेसिनपाशी साबण ठेवावा. पण ती प्रत्येक ठराव बोट ठेवून वाचायची आणि मगच सही करायची. एकदा तिने विचारलं, "आन एखादा ठराव नाही पटला तं?"

खरा शिक्षक माझ्यात अजून थोडा शिल्लक होता. मी खडू घेतला आणि सगळ्या वर्गाला समजावलं. राष्ट्रपतीला न पटलेलं विधेयक एकदा परत पाठवता येते, पुनर्विचारासाठी. संसदेने पुन्हा विचार करून तेच पाठवलं, तर मात्र सही करावीच लागते. लोकांनी निवडून दिलेल्यांचं शेवटी ऐकायचं असते. त्या दिवशी मी छान शिकवलं होतं. तिने ते वहीत उतरवून घेतलं, जीवनचरित्राच्या मागच्या पानावर.

दिवाळीनंतर चार-पाच घरची पोरं शाळेत डबे आणू लागली. सगळी वरच्या टोलीवरची, शेतकऱ्यांच्या वस्तीतली. एकाला विचारलं तर म्हणाला, "आजीनं सांगतलं." मी पुढे काहीच विचारलं नाही. कारण मला कळलं होतं, आणि कळल्यावर विचारलं तर काही तरी करावं लागतं. स्वयंपाकिणीलाही कळलं असणार. ती तेवढा भात कमी टाकू लागली.

मग एक दिवस अध्यक्ष ऑफिसात येऊन बसले. चहा झाला, धानाच्या भावावर बोलणं झालं. उठता उठता म्हणाले, "काही पोरायच्या पोटात दुखते म्हणतेत गुरुजी. भातात खडे येतेत म्हणे. आमच्या इकडच्या बचत गटाच्या बाया कराले तयार आहेत. पण मी अध्यक्ष, मीच म्हटलं तं लोक काहीतरी वेगळंच काढतीन. तुम्ही पाहा बा कसं बसते."

भातात खडे नव्हते. हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण पोरांच्या आधी चव घ्यायचा नियम आहे आणि ती चव मी घ्यायचो. त्याचं एक रजिस्टर असते. त्यात रोज तारीख, पदार्थ, शेरा आणि सही. जुलैपासूनचा प्रत्येक शेरा माझ्या हातचा होता, 'चव चांगली'. काही दिवशी तर 'उत्तम'. त्या बाईची मसूरची डाळ खरंच उत्तम असायची.

आणि तरीही घरी जाताना माझं डोकं भलत्याच कामाला लागलं. समितीने तिला काढलं तर ओरड होईल. मी लिहून दिलं तर माझ्यावर येईल. पण पोरांनीच तक्रार केली तर? बालसंसदेचा ठराव असला तर? आणि त्या ठरावावर तिच्याच मुलीची सही असली, तर जातीचं नाव कोण काढणार? ही युक्ती अध्यक्षांची नव्हती. ती माझी होती. मोहाडीचं फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, मी मोटारसायकल बंद करून उभा होतो आणि मला ती सुचली. मला अजून आठवते की मला हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ठराव स्वतः लिहिला. 'पोषण आहारातील भातात वारंवार खडे आढळतात, सबब स्वयंपाकाची व्यवस्था बदलावी अशी आम्हा विद्यार्थ्यांची विनंती आहे.' सबब! सातव्या वर्गातलं कोणतं पोर सबब लिहिते? बैठक घेतली, वाचून दाखवला, "मंजूर?" म्हटलं. नेहमीच्या सवयीने हात वर झाले. पंतप्रधानाने सही केली. त्याने वाचलंही नाही, त्याला मैदानावर जायचं होतं.

मुलगी त्या बैठकीत नव्हती. राष्ट्रपती संसदेत बसत नाही, हा नियमही मीच केलेला. रजिस्टर तिच्याकडे गेलं. तिने बोट ठेवून वाचलं. बोट एका जागी थांबलं, पुन्हा मागे गेलं.

"सर, भातात खडे नाहीत."

"काही पोरायले लागले असतीन."

"कोणाले?"

"संसदेचं म्हणणं आहे बेटा. तू सही कर."

ती रजिस्टर घेऊन बाहेर गेली. शाळा सुटायच्या वेळी ते माझ्या टेबलावर होतं. समासात तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'पुनर्विचारासाठी परत'. खाली पूर्ण सही, रेघ, 'राष्ट्रपती'.

एक क्षण मला खरंच अभिमान वाटला. मी शिकवलेलं एवढं नेमकं वापरणारं पोर मला सगळ्या नोकरीत दुसरं भेटलं नाही. त्या क्षणी रजिस्टर बंद करून कपाटात टाकलं असतं, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी समितीची बैठक होती आणि मी अध्यक्षांना फोनवर "होऊन जाते भाऊ" असं सांगून बसलो होतो.

सकाळी परिपाठ झाल्यावर मी पुन्हा बैठक घेतली. पुन्हा तोच ठराव, पुन्हा तेच हात. पाच मिनिटं लागली नाहीत. मग मी मुलीला व्हरांड्यात बोलावलं.

"संसदेनं पुनर्विचार केला. ठराव तोच आहे. आता काय करायचं असते?"

ती खाली बघत म्हणाली, "सही करावीच लागते."

"मग? मधल्या सुट्टीपर्यंत करून दे."

समोरच शेड होती. तिची आई तांदूळ निवडत बसली होती, सूप हलवत होती. आमचा आवाज तिथवर पोहोचत नव्हता, पण तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि हसली. साहेबांशी काही तरी मोठं काम चाललं आहे मुलीचं, असं तिला वाटलं असावं. मुलगी हसली नाही. मी आत निघून आलो.

मधल्या सुट्टीच्या घंटेआधी रजिस्टर टेबलावर आलं. सही होती. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, रेघ. मी शेडमध्ये जाऊन चव घेतली. भात मोकळा होता, डाळीला लसणाची फोडणी. ऑफिसात येऊन मी चवीच्या रजिस्टरात लिहिलं, 'चव चांगली'. दोन्ही रजिस्टरं एकाच टेबलावर उघडी होती. मला लाज वाटली नाही असं नाही, वाटली. पण मी पान उलटलं.

खिडकीतून रांग दिसत होती. ती नेहमीसारखी शेवटी उभी होती. आईने भात खरवडत काही तरी म्हटलं, तिने ताट पुढे केलं. मी बघायचं सोडलं.

समितीचं काम दहा मिनिटांत झालं. ठराव वाचला गेला, राष्ट्रपतीची सही कोणाची आहे हे एकाने हसून सांगितलं, विषय संपला. बाईला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी शेडच्या दारात उभा राहून म्हणालो की पोरांचा ठराव आला आहे, माझ्या हातात काही नाही.

"पोरायचा?" ती म्हणाली. "कोण्या पोरायचा जी?"

"सगळ्यांचा."

तिने हात पदराला पुसले. "मले दाखवा ना गुरुजी. वाचता येते मले."

"रजिस्टर केंद्रप्रमुखांकडे गेलं," मी म्हणालो. रजिस्टर माझ्या काखेत होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. तिचं लक्ष तिकडे गेलं का, मला माहीत नाही. तिने डाव जागेवर ठेवला, चुलीवर पाणी मारलं, शेडची किल्ली माझ्या हातात दिली आणि उरलेली ताटं घासायला बसली. "उद्यापासून नाही, तं आजची घासून जातो," एवढंच म्हणाली.

मुलगी वर्षअखेरपर्यंत शाळेत आली. परीक्षेत पहिली आली. पण तिने वर्गात पुन्हा कधी 'काहून' विचारलं नाही. हे माझ्या लक्षात यायला महिना गेला, कारण सुरुवातीला मला तास निवांत वाटत होते. तिरंगी पट्टी एक दिवस घडी घालून ऑफिसच्या टेबलावर ठेवलेली दिसली. प्रजासत्ताक दिनाला मी तिला पट्टी घालायला सांगितलं तर म्हणाली, "सैल झाली सर, गळते." पुढे ती मोहाडीला हायस्कुलात गेली. राष्ट्रपतीचं पद मी पुढच्या वर्षी रद्द केलं.

तिची आई धानाच्या रोवण्याला, लावणीच्या मजुरीला, जाऊ लागली. गुडघ्याचा त्रास होता म्हणून तर तिने शाळेचं काम धरलं होतं. पावसाळ्यात मी रस्त्याने जायचो तेव्हा बांधीत चिखलात वाकलेल्या बायांची ओळ दिसायची, आणि त्यात ती असायची. मी हॉर्न न वाजवता निघून जायचं ठरवायचो. पण ती कंबर सरळ करून हात कपाळाशी नेऊन म्हणायचीच, "नमस्कार गुरुजी." प्रत्येक वेळी. मला वाटायचं, हिला माहीत नाही म्हणून ही नमस्कार करते. ह्या समजुतीवर मी सगळी वर्षं काढली.

माझी बदली झाली नाही. माझी मुलगी शिकून नोकरीला लागली. मी निवृत्त झालो, सत्कारात शाल मिळाली, भाषणात कोणी तरी बालसंसदेचा उल्लेख केला. आता तुमसरला घरीच असतो. सकाळी फिरून येणे, वर्तमानपत्र, बायकोशी भाजीवरून वाद.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी फाटक वाजलं. तरुण मुलगी, खांद्याला बॅग, हातात प्लॅस्टिकची फाइल. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "सर, राष्ट्रपती," आणि मग मी दारात नुसता उभा राहिलो. बायकोने तिला आत घेतलं, पाणी दिलं.

भंडाऱ्याला अभ्यासिकेत बसून तिने परीक्षा दिल्या होत्या आणि सरकारी नोकरीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. आता चौकशीचा फॉर्म भरायचा होता. त्यात दोन जबाबदार माणसांनी लिहून द्यायचं असते, की उमेदवाराला आम्ही ओळखतो आणि हिची वर्तणूक चांगली आहे. एकाची सही झाली होती. दुसरी जागा रिकामी होती.

"गावात कोणी नव्हतं का?" मी विचारलं.

"होते ना सर. पण मले तुमची पाहिजे होती."

मी घाईने खिशातला पेन काढला. तिने फॉर्म माझ्यासमोर ठेवला, पण वरून हात काढला नाही. "वाचून करा सर. मी वाचल्याशिवाय करत नाही."

मी चष्मा लावला. वडिलांचा व्यवसाय, हमाली. आईचा व्यवसाय, मजुरी. मला पुढची ओळ दिसेना. इतकी वर्षं मनात घोळवलेली माफी होती, चांगली लांबलचक, पण तोंडातून एवढंच निघालं, "तो ठराव मी लिहिला होता, बेटा. पोरायनं नाही."

"मालूम आहे. अक्षर तुमचंच होतं."

"तेव्हाच ओळखलं?"

"सातवीपर्यंत फळ्यावर तेच पाहिलं ना सर."

पंखा फिरत होता. बायको आत चहा टाकत होती. मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना, "आईले कधी सांगितलं?"

"त्याच दिवशी. ताटं घासता घासता." ती शांत होती, आणि तिने माझ्यावर ओरडावं असं मला फार वाटत होतं. "आई रडली नाही. म्हणे, गुरुजीनं सांगतलं आन तू केलं, तुही चूक नाही. आन म्हणे, रस्त्यात भेटले तं नमस्कार कराचा, तुले वाचाले शिकवलं त्यायनं."

म्हणजे चिखलातून उठून कपाळाशी गेलेला तो हात, प्रत्येक वेळी, सगळं माहीत असताना गेला होता. मी चष्मा काढून पुसला. माझं चुकलं, असं मी म्हणालो. फार चुकलं, असंही म्हणालो. तिने मान हलवली. नाही सर, असू द्या सर, असलं काहीच ती म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

"एक सांगू का सर?" ती फाइल बंद करत म्हणाली. "अभ्यास करताना ते कलम मी नीट पाहिलं. तुम्ही शिकवलं ते खरं आहे. एकदा परत पाठवता येते, दुसऱ्यांदा सही द्यावी लागते. पण कधीपर्यंत, ते त्याच्यात कुठंच लिहून नाही. राष्ट्रपतीले मुदत नाही. कागद कितीही दिवस ठेवता येते." तिने फाइल बॅगेत घातली. "मले तुम्ही मधल्या सुट्टीपर्यंतची दिली होती."

माझ्या हातात पेन उघडाच होता. तिने तो फॉर्मवरून हळूच बाजूला केला, कागदाला शाई लागू नये म्हणून.

"घाई नाही सर. पूर्ण वाचा. पटलं तं सही करा. मी परवा येऊन घेऊन जाईन."

चहा घेऊन ती गेली. फॉर्म टेबलावर आहे.